कण्हेरीवरचा हिरवा पतंग

(इयत्ता सातवी, निसर्ग गटाचा अभ्यासलेख)



आपल्या शाळेच्या कुंपणाला कण्हेरीची रांग आहे. परिपाठाला फुले लागली की आपण तिथेच धावतो. पण यंदा श्रावणात त्या कण्हेरीवर जे घडले ते थोड्याच जणांनी पाहिले. ते सर्वांना कळावे म्हणून हा लेख लिहिला आहे. लेख जरा मोठा झाला आहे. उभे राहून पाय दुखले तर अर्धा आज आणि अर्धा उद्याच्या मधल्या सुट्टीत वाचावा.

सुरुवात कशी झाली

एका सकाळी फुले तोडताना माझ्या हाताला काहीतरी गार आणि मऊ लागले. पाहतो तर बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी! शेपटीकडे पिवळे शिंग आणि पुढच्या बाजूला दोन मोठे निळे डोळे. मी ओरडलोच. पोरे गोळा झाली. एक जण म्हणाला, "अरे, ही लष्करी अळी हाय. आमच्या मक्यावर हीच पडली व्हती. चिरड तिला!"

मी दोन अळ्या चपलेने चिरडल्या. तिसरीवर पाय उचलला, तेवढ्यात गुरुजी आले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ती काय खात होती?"

"कण्हेरीची पानं."

"आणि कण्हेर खाल्ल्यावर काय होतं?"

हे माझ्याइतके वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमच्या आबांनी परसातली कण्हेर छाटली. फांद्या गोठ्याशेजारी पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या शेळीने ती सुकलेली पाने खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत ती मेली. शेळी गाभण होती. आजी दोन दिवस जेवली नाही.

मी हे सांगितले. गुरुजी म्हणाले, "मग ही एवढीशी अळी का मरत नाही?"

मला उत्तर आले नाही. कोणालाच आले नाही. तेव्हा गुरुजींनी ती तिसरी अळी एका खोक्यात ठेवायला सांगितली. त्या दिवसापासून आमचा अभ्यास सुरू झाला.

ही लष्करी अळी नव्हे

आधी हा गैरसमज दूर करू. मक्यावरची लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्या देशात २०१८ साली प्रथम आढळली आणि बघता बघता महाराष्ट्रातही पसरली. त्यामुळे आता कोणतीही मोठी अळी दिसली की लोकांच्या पोटात गोळा येतो. पण दोघींत पुष्कळ फरक आहे.

लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात बसते. ती पूर्ण वाढली तरी साधारण ३ ते ४ सेंटिमीटर भरते. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीच्या अलीकडे चार काळे ठिपके चौकोनात असतात. तिला शिंग नसते.

आपली कण्हेरीवरची अळी ७ ते ८ सेंटिमीटर होते. तिला शिंग असते. ती मक्याला, ज्वारीला, कपाशीला तोंड लावत नाही. कण्हेर, तगर, सदाफुली, सातवीण अशी ठरावीक झाडेच तिला चालतात. ही सगळी झाडे एकाच कुळातली आहेत. त्या कुळाला करवीर कुल म्हणतात. करवीर म्हणजे कण्हेरच.

नाव आणि गाव

या अळीचा पुढे जो पतंग होतो त्याला इंग्रजीत ओलिअँडर हॉक मॉथ म्हणतात. ओलिअँडर म्हणजे कण्हेर आणि हॉक म्हणजे ससाणा. या जातीचे पतंग ससाण्यासारखे वेगाने उडतात म्हणून ते नाव. आम्ही त्याला कण्हेर-पतंग म्हणतो. त्याचे शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. कण्हेरीला शास्त्रात नेरियम म्हणतात, त्यावरून नेरी आले. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ साली या पतंगाची शास्त्रीय नोंद केली.

हा पतंग आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात राहतो, म्हणजे तो आपला गाववालाच. उन्हाळ्यात काही पतंग उडत उडत युरोपात पोहोचतात, पण तिथली थंडी त्यांना सोसत नाही. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर तो पूर्वी नव्हता. तिथे तो १९७४ साली आढळला.

अंड्यापासून पतंगापर्यंत

खोक्यातल्या अळीसाठी कोवळी पाने शोधताना आम्हांला दोन पानांवर एकेक अंडे सापडले. अंडे मोहरीच्या दाण्याएवढे, गोल आणि फिकट हिरवे होते. मादी ढीगभर अंडी एका जागी घालत नाही. एका पानावर एक, दुसऱ्या पानावर दुसरे, अशी घालते. त्यामुळे पिलांना खायला पुरते आणि शत्रूला सगळी एकदम सापडत नाहीत. आम्ही ती पानेही खोक्यात ठेवली. खोक्यावर मच्छरदाणीचे कापड बांधले, तळाशी माती आणि पालापाचोळा घातला.

तिसऱ्या दिवशी अंड्यांतून अळ्या निघाल्या. जेमतेम ४ मिलिमीटर लांब आणि पिवळसर. पण शिंग काय लांब! काळ्या दोऱ्यासारखे. एकीने आधी स्वतःच्या अंड्याचे कवच खाल्ले आणि मग पानाला हात घातला, म्हणजे तोंड घातले.

अळी वाढते पण तिची कातडी वाढत नाही. म्हणून ती सापासारखी कात टाकते. आमच्या अळीने चार वेळा कात टाकली. दुसऱ्या वेषात ती हिरवी झाली. पुढे अंगाच्या दोन्ही कडांना पांढरा पट्टा आणि पांढरे बारीक ठिपके आले. काळे लांब शिंग जाऊन आखूड, पिवळे शिंग आले. निळे डोळेही पुढेच ठळक झाले. सुरुवातीला एक पान तिला दोन दिवस पुरे. शेवटच्या चार दिवसांत मात्र तिने आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त पाने खाल्ली. वर्गात शांतता असली की खोक्यातून कुरुकुरु आवाज यायचा.

एक युक्ती सांगतो. झाडावर अळी शोधायची असेल तर वर पाहू नका, खाली पाहा. जमिनीवर मिऱ्याएवढ्या काळपट लेंड्या दिसल्या तर त्याच फांदीवर अळी असते. अंग पानासारखे हिरवे असल्यामुळे ती समोर असूनही दिसत नाही. लेंड्या मात्र लपत नाहीत.

अठराव्या दिवशी अळीने खाणे सोडले. तिची हिरवी पाठ काळपट तपकिरी झाली. आम्हांला वाटले, मेली आता. पण ती खाली उतरली आणि पालापाचोळ्यात शिरली. जमिनीवर उतरल्यावर हिरवा रंग काय कामाचा? तिथे मातीचाच रंग हवा. पाने आणि रेशमाचे विरळ धागे जोडून तिने घर केले. त्यात तिचा कोष झाला. कोष फिकट तपकिरी, दोन्ही कडांना काळ्या ठिपक्यांची ओळ. हात लावला की तो वळवळतो.

शेळी मेली, मग अळी का मरत नाही?

आता मुख्य प्रश्न. याचे उत्तर गुरुजींनी शोधून आणले आणि फळ्यावर चित्र काढून समजावले.

कण्हेरीच्या पानात, फुलात, खोडात, मुळात, सगळीकडे विष असते. त्यातले मुख्य विष म्हणजे ओलिअँड्रीन. प्राण्यांच्या शरीरातल्या पेशींना बारीक पंप असतात. विहिरीवरचा पंप पाणी बाहेर काढतो, तसा हा पंप पेशीतले सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. हृदयाचे ठोके नीट पडायला हा पंप चालू राहावा लागतो. कण्हेरीचे विष या पंपाला जाऊन चिकटते. पंप बंद पडतो, ठोके चुकतात आणि जनावर दगावते. आमच्या शेळीचे हेच झाले.

काही कीटकांनी यावर उपाय केला आहे. अमेरिकेतल्या मोनार्क नावाच्या फुलपाखराची अळी रुईच्या कुळातली झाडे खाते. तिथेही अशाच जातीचे विष असते. पण मोनार्कचा पंप थोडा वेगळ्या घडणीचा आहे. विष त्याला नीट चिकटत नाही. म्हणजे कुलूपच बदलले, आता चोराची किल्ली लागत नाही.

कण्हेर-पतंगाचेही असेच असेल असे कोणालाही वाटेल. पण २००९ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा पंप तपासला, तेव्हा उलटेच आढळले. त्याचा पंप विषाला लगेच बळी पडतो. मग तो जगतो कसा? तर तो विष आतड्याच्या बाहेर शरीरात जाऊच देत नाही. पानाचा कस तेवढा घेतो आणि विष लेंडीवाटे टाकून देतो. त्याच्या मज्जातंतूंभोवतीही एक आवरण असते. ते दुसऱ्या कुंपणासारखे विषाला अडवते. कुलूप जुनेच आहे, पण चोराला वाड्याच्या दिंडीदरवाजातच रोखून धरले आहे.

खोटे डोळे, खरा उपयोग

मोनार्कची अळी विष अंगात साठवते. तिला खाल्लेला पक्षी ओकतो आणि पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. आपली अळी विष साठवत नाही, टाकून देते. म्हणजे ती पक्ष्यांना खायला चांगलीच लागत असणार! म्हणून तिला दुसरे उपाय करावे लागतात. पहिला उपाय लपण्याचा. दुसरा भीती घालण्याचा.

पुढच्या बाजूचे ते मोठे निळे डोळे खरे नव्हेत. ते कातडीवरचे नुसते ठिपके आहेत. निळसर पांढरे, कडेला काळी रेघ. खरे डोळे डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढे बारीक असतात. आम्ही पेन्सिलीच्या टोकाने अळीला हळूच स्पर्श केला. तिने डोके आत ओढून घेतले, मान फुगवली, आणि ते दोन डोळे असे वटारले गेले की लहानसा साप बघतोय असे वाटावे. खोटे का सांगू, मी दचकून मागे सरलो. पाखरूही तसेच दचकत असेल.

प्रत्यक्षात ती चावत नाही, डसत नाही. अंगावर केस नसल्यामुळे खाजही येत नाही. शिंग मऊ असते.

तीन अळ्यांचे काय झाले

आमच्या खोक्यात एकूण तीन अळ्या होत्या. त्यांची हकिगत जशी घडली तशी सांगतो.

अंड्यातून निघालेल्या दोघींपैकी एक अर्ध्या वाढीत मेली. चूक आमची होती. पावसात भिजलेली पाने आम्ही तशीच टाकली. खोक्यात ओल झाली, पाने कुजली. त्यानंतर पाने पुसून घालायची असा नियम केला.

जी अळी माझ्या चपलेखालून वाचली होती तिचा कोष सर्वांत आधी झाला. मी रोज पाहायचो. एके दिवशी कोषाला भोक दिसले आणि मातीत बारीक पांढऱ्या अळ्या. गुरुजी म्हणाले, या एका माशीच्या अळ्या. ती माशी झाडावरच्या अळीला गाठते आणि तिची पिले अळीच्या अंगात वाढतात. आपण अळीला खोक्यात आणली त्याआधीच हे झालेले असणार. मला फार वाईट वाटले. पण गुरुजी म्हणाले, "ही माशी नसती तर कण्हेरीला एक पान उरलं नसतं." अशाच माश्या आणि गांधीलमाश्या पिकावरच्या अळ्यांनाही आवर घालतात. भारद्वाज, बुलबुल हे पक्षीही त्यात आहेतच.

तिसरी अळी म्हणजे अंड्यातून आलेली दुसरी. कोष झाल्यापासून तेराव्या दिवशी सकाळी आम्ही खोका उघडला आणि सगळे एकदम गप्प झाले.

पतंग बाहेर आला

मच्छरदाणीच्या कापडाला तो धरून बसला होता. दोन्ही पंख पसरले तर १० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या तळहाताहून मोठे. त्याच्या अंगावर हिरव्याच्या किती तऱ्हा! गडद हिरवा, शेवाळी हिरवा, फिकट हिरवा. मधून पांढरट आणि गुलाबी पट्टे. सैनिकाचा गणवेश असतो तसाच. इंग्रजीत त्याला आर्मी ग्रीन मॉथ असेही म्हणतात. म्हणजे लष्करी अळी ती नव्हे, पण लष्करी पोशाख मात्र हिचाच!

पंखाला बोट लागले की भुकटी निघते. ती धूळ नव्हे. ते बारीक खवले असतात आणि पंखाचा सगळा रंग त्यांतच असतो. म्हणून पतंगाला पंख धरून उचलू नये.

तो दिवसभर हलला नाही. संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही खोका मोकळा केला. आमचे आबाही आले होते. पतंग आधी जागच्या जागी थरथर कापू लागला. आजी म्हणाली, "भ्यालंय बिचारं." पण ती भीती नव्हती. थंड अंगाने या पतंगाला उडता येत नाही. थरथरून तो स्नायू तापवतो. थंडीच्या दिवसांत ट्रॅक्टर सुरू करून जरा तापू देतात, तसे. मग एकदम भर्रकन उडाला, मधुमालतीच्या वेलापुढे हवेत एका जागी थांबला आणि नंतर अंधारात गेला.

रात्रीचा कामकरी

मोठा झालेला पतंग पाने खात नाही. त्याला तसे तोंडच नसते. त्याला एक लांब सोंड असते. ती एरवी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. फुलापुढे हवेत तरंगत तो सोंड सोडतो आणि मध पितो.

जाई, मधुमालती या फुलांकडे नीट पाहा. नळी लांब, संध्याकाळी उमलणार, रंग पांढरा, वास गोड. अंधारात लाल रंग दिसत नाही, पण पांढरा दिसतो आणि वास लांबवर जातो. मधुमालतीचे फूल पहिल्या रात्री पांढरे असते. पुढे ते गुलाबी आणि मग लाल होते. पहिल्या रात्रीचा तो पांढरा रंग अशा पतंगांसाठीच आहे.

एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला नेण्याचे काम दिवसा मधमाशी करते. रात्री ते पतंग करतात. पपईत काही झाडे नर आणि काही मादी असतात. आफ्रिकेतल्या केनिया देशात अशा पपईच्या बागांचा अभ्यास झाला. तिथे परागीभवनाचे मुख्य काम ससाणा-पतंगांकडे असल्याचे दिसून आले. मधमाशीचे उपकार सगळ्यांना माहीत आहेत. हा रात्रपाळीचा कामकरी मात्र कोणाला ठाऊक नसतो.

पालकांसाठी दोन शब्द

१) कण्हेरीवर, तगरीवर ही अळी दिसली तर औषध फवारू नये. ती पाने खाते हे खरे, पण मोठे झाड पुन्हा फुटते. कुंडीतले लहान रोप असेल तर अळी फांदीसकट उचलून मोठ्या झाडावर सोडावी.

२) सगळेच ससाणा-पतंग निरुपद्रवी असतात असे मात्र नाही. तिळावर अशीच मोठी, शिंगाची अळी पडते, ती दुसऱ्या जातीची असते आणि पिकाचे नुकसान करते. म्हणून अळी कोणत्या झाडावर आहे ते आधी पाहावे, मग काय करायचे ते ठरवावे.

३) हिरव्या कण्हेरीला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून आपण ती कुंपणाला लावतो. पण छाटलेली पाने सुकली तरी विष जात नाही. चाऱ्यात मिसळलेली सुकी पाने जनावर खाऊन जाते. छाटलेल्या फांद्या गोठ्यापासून लांब, खड्ड्यात पुराव्यात. त्या चुलीत जाळू नयेत, धूरही बाधतो.

४) लहान मुलांना कण्हेरीचे फूल किंवा काडी तोंडात घालू देऊ नये. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची फळेही तितकीच विषारी असतात. कोणी खाल्ले तर घरगुती उपाय करत बसू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. जनावर असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

हे करून पाहा

कण्हेर किंवा तगरीखाली लेंड्या शोधा. अळी सापडली तर रोज पट्टीने तिची लांबी मोजून वहीत लिहा. कण्हेरीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पतंग झाला की त्याच संध्याकाळी सोडून द्या.

स्वाध्याय

१) लष्करी अळी आणि कण्हेरीवरची अळी यांतले तीन फरक सांगा.
२) कोष करण्याआधी अळीचा रंग का बदलतो?
३) ही अळी विष साठवत नाही. त्याचा तोटा काय आणि तो ती कसा भरून काढते?
४) संध्याकाळी उमलणारी फुले बहुधा पांढरी का असतात?
५) तुमच्या परसात कोणती पांढरी, सुवासिक फुले आहेत? एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि कोण कोण येते ते लिहा.

शेवटी

शेळी गेल्यापासून आबांच्या मनात परसातली कण्हेर मुळासकट काढायची होती. पतंग सोडला त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांनी विचारले, "एवढं इख खाल्लं, मग त्यानं ते ठिवलं कुठं?"

मी म्हणालो, "ठेवलं नाही आबा, टाकून दिलं."

आबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कण्हेर तोडली नाही. शेळ्यांचा खुंटा तेवढा उपटला आणि परसाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठोकला.

मी चिरडलेल्या दोन अळ्यांचे पतंग झाले असते की त्यांतूनही माश्या निघाल्या असत्या, ते आता कधीच कळणार नाही. म्हणून तुम्हांला विनंती आहे. कण्हेरीवर हिरवी अळी दिसली तर पाय उचलण्याआधी ती काय खाते आहे ते पाहा. आणि आम्हांला येऊन सांगा. खोका आमच्या वर्गातच आहे.